आनंदाला रोज गुण देणं थांबवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४१. पिंपरी-चिंचवडला राहतात, कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी, दोन मुलं शाळेत. माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गायनमंडळात गातात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवसांच्या उज्जीवन सभेला, म्हणजे विश्वास नव्याने जागवणाऱ्या सभेला, गेल्या, तिथे मन भरून आलं आणि तो आनंद "साधारण तीन आठवडे" टिकला. मग आटला. तेव्हापासून त्या दर शुक्रवारी वेगवेगळ्या प्रार्थनासभांना जातात, रोज दोन तास मोबाइलवर संदेश, म्हणजे प्रवचनं, ऐकतात आणि झोपण्यापूर्वी वहीत त्या दिवसाच्या आनंदाला दहापैकी गुण देतात. बहुतेक दिवशी तीन. एका प्रार्थनागटाच्या प्रमुखांनी सांगितलं, की आनंद नाही म्हणजे कुठेतरी लपलेलं पाप आहे. २१ दिवस उपास करा. आपली जुनी मंडळी सोडून त्या गटात जावं का, असं त्यांच्या मनात आहे. पत्राच्या शेवटी, जाता जाता, लिहिलंय की चौदा महिन्यांपूर्वी आई गेली आणि बाबा आता बागेवर एकटेच असतात. त्या विचारतात: "ख्रिस्तात टिकणारा आनंद खरंच असतो का? की माझ्याच विश्वासात खोट आहे?"

ताई, सलाम.

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं एकमेकींपासून लांब आहेत, पण ती शेजारी ठेवून पाहा. सभा डिसेंबरच्या शेवटी झाली आणि आनंद तीन आठवडे टिकला, म्हणजे जानेवारीच्या मध्यापर्यंत. पत्रावर तारीख मार्चची आहे आणि आईला जाऊन चौदा महिने झालेत. मग तिचा पहिला स्मृतिदिनही जानेवारीतच आला असणार. तुम्ही हिशेबाचं काम करता, रकमा जुळवायची सवय आहे. ही रक्कम मात्र तुम्ही दोन वेगळ्या खात्यांत टाकून ठेवली आहे.

आईच्या अंत्यविधीला काय घडलं हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काय बोललं जातं ते सगळ्यांना माहीत आहे: "ती प्रभूकडे गेली, चांगल्या जागी आहे, रडू नका, साक्ष बिघडेल, म्हणजे आपला विश्वास लोकांना कच्चा दिसेल." बोलणाऱ्यांचं मन वाईट नसतं. त्यांच्या डोक्यात बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय असतो. पण तिथे ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल रडू नका असं म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं म्हणतो. आशा असलेल्या माणसाचाही खेद असतो. मेलेल्या लाजराला आपण काही क्षणांत उठवणार हे ठाऊक असताना प्रभू येशू रडला, हे योहानाने अकराव्या अध्यायात लिहून ठेवलंय. तेव्हा त्याची साक्ष बिघडली असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाकडे मी थोड्या उलट बाजूने येतो. आनंद का आटला, हे तुम्ही विचारता. मला वाटतं, दुःखाला घरात जागाच दिलेली नसल्यामुळे आनंदही उंबऱ्यावर अडकला आहे.

आनंदाबद्दल बोलताना आपण सगळे फिलिप्पैकरांस पत्राकडे जातो, तर तेच नीट वाचू. चार अध्याय आहेत, मोठ्याने वाचायला पंधरा मिनिटं पुरतात. आनंद आणि आनंद करा हे शब्द त्यात मिळून सोळाच्या आसपास येतात. पत्र कैदेतून लिहिलंय हे प्रवचनात दरवेळी सांगितलं जातं. सांगितलं जात नाही ते दुसऱ्या अध्यायात आहे: माझा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं तोच पौल लिहितो. तिसऱ्या अध्यायात तो रडत रडत लिहितोय. चौथ्याच्या सुरुवातीला युवदीया आणि सुंतुखे या दोन बहिणींचं पटत नाही, त्यांना एकचित्त व्हा म्हणून विनवणी आहे आणि लगेच, एकच वचन मध्ये सोडून, ते प्रसिद्ध वाक्य येतं, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. म्हणजे आजारपण, अश्रू आणि महिला मंडळातलं भांडण, हे सगळं ज्या पत्रात आहे, तेच आपलं आनंदाचं पत्र. आणि पुढे अकराव्या वचनात पौल म्हणतो की कोणत्याही स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. शिकलेली गोष्ट एका सभेत उतरत नाही. तिला वर्षं लागतात, चुका लागतात.

आता वहीबद्दल. गुण देणं आजपासून बंद करा. तव्यावरची भाकरी फुगली का म्हणून दर दोन सेकंदांनी कडा उचलून पाहिली, तर ती फुगत नाही. रात्री साडेदहाला, दिवसभराच्या कामानंतर, तुम्ही जो आकडा टाकता तो बहुतांशी झोपेचा आणि पायदुखीचा आकडा असतो. शिवाय कमी गुण पडले की अपराधी वाटतं आणि त्या अपराधीपणाचेही दुसऱ्या दिवशी गुण कापले जातात. गलतीकरांस पत्रात आनंद हे आत्म्याचं फळ म्हटलंय. फळाचं काय असतं हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं.

कारण तुम्ही बागेच्या घरातल्या. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीवर काय दिसतं? नुसती पानं आणि काड्या. घड दिसतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, आणि हातात यायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. पण तो घड ठरतो कधी? खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत, काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, आत, बाहेरून काही दिसत नसताना. बाबा त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणत असतील. आणि त्याच काळात पाणी आणि नत्र जास्त झालं तर काडी पानांवर जाते, डोळ्यात घड धरत नाही. रोजचे दोन तास संदेश, दर शुक्रवारी नवी सभा, हे तुमचं जास्तीचं पाणी आहे. योहानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू आधी द्राक्षवेल आणि छाटणीचं बोलतो आणि मग अकराव्या वचनात, तुमचा आनंद पूर्ण व्हावा म्हणून हे सांगितलं, असं म्हणतो. क्रम पाहा. आणि हे तो बोलतोय वधस्तंभाच्या आदल्या रात्री. मोबाइलवरचे संदेश आठवड्याला एकावर आणा. तोही ऐकल्यावर चोवीस तास दुसरं काही ऐकू नका.

सभेतला आनंद मग खोटा होता का? नाही. तीन दिवस नोकरी नाही, स्वयंपाक नाही, शेकडो लोकांबरोबर गाणं, कोणीतरी डोक्यावर हात ठेवून तुमच्यासाठी प्रार्थना करतंय. वर्षभर आवळून धरलेलं मन तिथे सैल झालं, यात देवाचं काम नव्हतं असं कोण म्हणेल? पण तो मोहोर होता. मोहोर गळतो म्हणून कोणी झाड तोडत नाही. उज्जीवन सभांमध्ये १९०५ च्या केडगावचं उदाहरण हमखास येतं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये तेव्हा मुली तासन्‌तास रडत, प्रार्थना करत, हे खरंच आहे. पण त्याच आवारात शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, आणि रमाबाई पुढची कित्येक वर्षं बायबलच्या मराठी भाषांतराला बसल्या होत्या. तो भाग व्यासपीठावरून कमी ऐकू येतो. लक्ष्मीबाई टिळकांचं तर आणखी वेगळं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाई त्या वाटेवर आल्या पाच वर्षांनी, भांडत, रडत, स्वतःच्या पायांनी.

मग करायचं काय? पहिलं काम विलापाचं. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी तक्रारीचा आणि रडण्याचा आहे. आपण उपासनेत उरलेला दोन तृतीयांशच वापरतो. स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं. पहिल्या दोनांत चार वेळा एकच प्रश्न: किती वेळ, देवा, कुठवर? पुढच्या दोनांत मागणं. शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, दार लावून, एकटीने बसा. कागदावर याच तीन टप्प्यांत आईबद्दल लिहा. आपल्या घरच्या बोलीत लिहा. "हे कृपाळू स्वर्गीय पित्या" अशा भाषेत लिहायला लागलात की हात आपोआप सभ्य वाक्यं लिहू लागतो. "तिला तपासायला उशीर का झाला, तू कुठे होतास" असं येत असेल तर तसंच येऊ द्या.

इथे एक गोष्ट नेहमी चुकते. आपण चांगल्या घरच्या, चांगल्या मंडळीतल्या. दोन ओळी रडून लगेच शेवटच्या वचनावर उडी मारतो. "तरी देव चांगला आहे" असं लिहून कागद बंद. पहिल्या टप्प्यावर पुरती दहा मिनिटं थांबा, घड्याळ लावून. शेवटचा टप्पा त्या दिवशी आला नाही तर कोरा सोडा. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, कोणी त्याच्या शेवटी आनंदाचं कडवं जोडलेलं नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आता ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू आहे. शुभ शुक्रवारी प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांतला चौथा ऐकाल तेव्हा लक्षात ठेवा, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हे विलापाच्या स्तोत्रातलंच, बाविसाव्यातलं, वाक्य आहे.

दुसरं, शरीर. संदेष्टा एलीया कर्मेल डोंगरावर जिंकून आला आणि लगेच पुढच्याच अध्यायात, १ राजे १९ मध्ये, रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्याला लपलेलं पाप विचारलं नाही. दूत आला, भाकर आणि पाणी दिलं, तो झोपला. दूत पुन्हा आला, पुन्हा खायला घातलं. बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी. तेव्हा २१ दिवसांचा उपास सध्या करू नका. उपासाला माझा विरोध नाही, पण झोप कमी आहे, वजन उतरतंय असं तुम्हीच लिहिलंय. अशा वेळी उपास केला की चक्कर येते, चिडचिड होते, आणि तीही पुन्हा पापाच्या खात्यात जमा होते.

आधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. चाळिशीतल्या बायकांमध्ये या तिन्हीतलं काहीतरी बिघडलेलं असणं अगदी नेहमीचं आहे, आणि त्याने येणारा थकवा, मनाची मरगळ थेट विश्वासाच्या कोरडेपणासारखी दिसते. मग स्वतःला विचारा: सलग दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न आहे का? ज्यात पूर्वी मन रमायचं त्यात आता रमत नाही का? सोबत झोप, भूक, कामातलं लक्ष बिघडलंय का? उत्तर हो असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगण्यात अर्थ नाही असा विचार एकदाही येऊन गेला असेल तर आजच कोणाला तरी सांगा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी, हे विधान करणाऱ्यांचा चष्मा काढून घ्यावा आणि मग त्यांना शास्त्र वाचायला सांगावं. विख्यात प्रवचनकार चार्ल्स स्पर्जन आयुष्यभर खिन्नतेच्या झटक्यांशी झगडले आणि व्यासपीठावरून तसं उघड बोलले. त्यांच्या विश्वासात खोट होती असं म्हणायला कोणी धजावत नाही.

वहीची सवय मोडणं जड जाईल, म्हणून तिच्या जागी दुसरं काही देतो. सोळाव्या शतकात इग्नाशियस लोयोला यांनी शिकवलेली दिवसाची उजळणी आहे. ती कॅथलिक परंपरेतली, पण प्रॉटेस्टंट घरात वापरली म्हणून काही बिघडत नाही. रात्री दहा मिनिटं, शक्यतो अंथरुणावर नाही, खुर्चीत. आज मिळालेल्या एका गोष्टीबद्दल आभार, आणि ती नेमकी हवी: "कुटुंबाबद्दल" नको, "धाकट्याने न सांगता डबा घासून ठेवला" हे चालेल. मग देवाला म्हणायचं, दिवस दाखव. सकाळपासून एकेक तास मनात चालवत यायचं: कुठे मन मोकळं झालं, कुठे आवळलं? जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची, आणि उद्याच्या एका अवघड गोष्टीसाठी मदत. बस. आकडा नाही, निष्कर्ष नाही. ही उजळणी लेखापरीक्षण होऊ लागली, तुम्ही चुकाच मोजू लागलात, की तीन दिवस फक्त आभाराचा भाग करा. दोन-तीन आठवड्यांनी एखादी ठरावीक जागा पुन्हा पुन्हा दिसू लागेल जिथे मन मोकळं होतं. कदाचित ती प्रार्थनासभा नसेल. कदाचित कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी मिळणारी वीस मिनिटं असतील.

"परमेश्वराचा आनंद तुमची शक्ती आहे" हे वचन गटप्रमुखांनी तुमच्यावर काठीसारखं उगारलं आहे. नहेम्या ८:१० पूर्ण वाचा. लोक नियमशास्त्र ऐकून रडत होते. त्यांना सांगितलं गेलं: जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्याच्या घरी काही तयार नाही त्याला वाटा पाठवा, मग ते वाक्य येतं. आनंदाची कृती दिली आहे तिथे, स्वयंपाकघरातून बाहेर जाणारी. तुमच्यासाठी मी एवढंच सुचवीन: आठवड्यातल्या एका ठरलेल्या दिवशी, म्हणा मंगळवारी, एक डबा जास्तीचा. मंडळीतली एकटी राहणारी म्हातारी, बाळंतीण, कोणीही एक. दोन भाकऱ्या, पातळ आमटी, थोडी भाजी. डबा देऊन पंधरा मिनिटं बसा, आणि तिने विचारल्याशिवाय प्रार्थना सुरू करू नका. बिघडतं ते मोठं करण्याने: व्हॉट्सॲप गट काढला, यादी केली, दहा घरं घेतली, की महिन्याभरात थकवा. एकच डबा, आणि तोही तीन महिने.

मंडळी सोडण्याबद्दल. इग्नाशियस यांचाच एक नियम कामाचा आहे: कोरडेपणाच्या काळात, शांत मनाने पूर्वी घेतलेला निर्णय बदलू नये. घर बदलण्यासारखंच आहे ते. ताप असताना सामान बांधू नये. ईस्टरनंतर तीन महिने थांबा. मधल्या काळात शुक्रवारच्या सभा बंद, रविवारची उपासना आणि प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, चालू. प्रभुभोजनाला तुमच्या भावना काय आहेत हे भाकरी विचारत नाही, म्हणूनच कोरड्या दिवसांत त्याचा आधार मोठा. पाळकसाहेबांना उपासनेनंतर दारात हात मिळवताना काही सांगू नका, तिथे "प्रार्थना करतो" यापलीकडे काही निघत नाही. फोन करून अर्ध्या तासाची वेळ घ्या आणि म्हणा: "आई गेल्यावर मी रडलेच नाही. आता गाताना आतून कोरडं वाटतं. मला उपदेश नको, ऐकून घ्याल का?" गायनमंडळ सोडू नका, फक्त दोन महिने एकल कडवं नको असं सांगा. कोरसमध्ये तुमचा सूर हरवला तर शेजारणीचा असतो. कोरस त्यासाठीच असतो.

एक अपवाद. तो प्रार्थनागट औषध थांबवायला सांगत असेल, पैसे भरल्यावर आशीर्वादाची हमी देत असेल, सगळ्यांसमोर पापांची कबुली उभं राहून द्यायला लावत असेल किंवा घरच्यांपासून तोडत असेल, तर तीन महिने वगैरे काही नाही. त्याच दिवशी बाहेर पडा, कारण सांगण्याचीही गरज नाही.

तुमचा मूळ प्रश्न राहिला. टिकणारा आनंद असतो, पण तो चेहऱ्यावर टिकत नाही. संदेष्टा हबक्कूकाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गाय नाही, एवढी यादी दिल्यावर "तरी" हा शब्द येतो. यादी न गाळता आलेला "तरी" आहे तो. तुमच्या यादीत आई आहे. ती अजून लिहिलेली नाही.

बाबांना विचारा, त्यांनी कधी लिहिली का, बोलली का. पुरुष माणूस, बागेत एकटा; त्यांचंही कोणी ऐकलं नसेल. एप्रिलमध्ये खरड छाटणीला दोन दिवस रजा टाकून जा. कात्री हातात असताना माणसं जे बोलतात ते दिवाणखान्यात बोलत नाहीत. आईचं 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक कपाटात असेल, त्यातली तिने दुमडून ठेवलेली पानं संध्याकाळी दोघांनी म्हणा, बाबांचा सूर कितीही चुकला तरी.

रक्ततपासणी मात्र त्याच्या आधी. या शनिवारी, उपाशीपोटी. तेवढा एकच उपास.